गिधाडं गेली कुठं?

(वाचनवर्गात गावकऱ्यांपुढं झालेलं भाषण)



आज मी तुमच्यापुढं एका पाखराची गोष्ट मांडणार आहे. ते मोर नाही, पोपट नाही. त्याचा रंग देखणा नाही आणि आवाज गोड नाही. त्याच्या नावाचा तर आपण शिवीसारखा उपयोग करतो. कोणी दुसऱ्याच्या जमिनीवर डोळा ठेवून बसला, की आपण म्हणतो, "बघा कसा गिधाडासारखा टपलाय!"

होय, मी गिधाडाबद्दलच बोलतो आहे.

तुमच्यापैकी ज्यांचे केस पिकले आहेत, त्यांनी आठवून बघावं. तीस-चाळीस वर्षांपूर्वी गावात बैल मेला, की काय व्हायचं? गावाबाहेरच्या माळावर तो टाकला जायचा. थोड्या वेळानं वर आभाळात एक ठिपका दिसायचा. मग दुसरा, मग तिसरा. बघता बघता थवा उतरायचा. संध्याकाळी तिथं हाडांचा सापळा राहायचा. घाण नाही, वास नाही.

आता जनावर मेलं तर काय होतं? चार-चार दिवस ते कुजतं. वारा गावाकडं फिरला की नाकाला पदर लावावा लागतो. कुत्री जमतात. माश्या घोंघावतात. मग मनात प्रश्न येतो, गिधाडं गेली कुठं?

याचं उत्तर आपल्या गोठ्यात आहे. ते ऐकून घ्या.

हे पाखरू काय काम करतं?

आधी या पाखराची ओळख करून घेऊ. आपल्या त्र्यंबकेश्वराच्या आसपास ब्रह्मगिरी आणि अंजनेरी हे डोंगर आहेत. त्यांचे काळे उभे कडे तुम्ही रोज बघता. त्या कड्यांच्या कपारींत लांब चोचीचं गिधाड घरटं करतं. दुसरी जात पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची. ते उंच झाडावर घरटं करतं. दोन्ही पाखरं मोठी. पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात फुटांच्या आसपास भरतात.

गिधाड शिकार करत नाही. ते तुमची कोंबडी नेत नाही, करडू उचलत नाही. ते मेलेलं खातं. ऊन तापलं की जमिनीवरची हवा गरम होऊन वर चढते. त्या हवेवर पंख पसरून ते तासन्‌तास तरंगतं आणि खाली बघत राहतं. मेलेलं जनावर एकाला दिसलं आणि ते उतरू लागलं, की लांबची गिधाडं त्याला बघून येतात. थवा मोठा असेल तर तासाभरात एका गाईचं मांस संपतं. सडकं मांस खाऊनही त्याला अपाय होत नाही, कारण त्याच्या पोटातलं आम्ल फार तीव्र असतं.

म्हणजे बघा, हा आपला सफाई कामगार. त्याला पगार नाही, बलुतं नाही. पूर्वी गावातलं मेलेलं ढोर ओढण्याचं काम आपण एका जातीच्या माथी मारलं होतं. तो अन्याय होता. तो बंद झाला हे फार चांगलं झालं. पण जनावरं तर मरतातच. मग त्यांची विल्हेवाट ही आता साऱ्या गावाची जबाबदारी आहे. त्या कामात आपल्याला गिधाडाची साथ होती, ती तुटली.

साथ तुटल्यावर काय झालं? गिधाडाचं खाणं कुत्र्यांना मिळालं. कुत्र्यांची संख्या वाढली, तशी चावण्याची भीती वाढली. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानं माणूस कसा मरतो, हे ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको. सडलेलं मांस ओढ्यात गेलं, की पाणीही बिघडतं. दोन अर्थशास्त्रज्ञांनी जिल्ह्याजिल्ह्यांचे आकडे घेऊन हिशेब मांडला आणि तो २०२४ साली छापून आला. त्यांचा अंदाज असा, की गिधाडं नाहीशी झाल्यामुळं २००० ते २००५ या काळात भारतात दरसाल सुमारे १ लाख माणसं जादा दगावली. पाच वर्षांत सुमारे ५ लाख! एक कुरूप पाखरू गेलं, आणि माणसांच्या घरी रडारड झाली.

गिधाडं मेली कशानं?

कोणी म्हणालं, गिधाडांना कसला तरी रोग झाला. कोणी म्हणालं, त्यांना खायला मिळेना. १९९० नंतरच्या वर्षांत राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात गिधाडं झाडावरून पडून मरू लागली. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ साली निघालेली संस्था. तिचे संशोधक डॉ. विभू प्रकाश भरतपूरला गिधाडं मोजत होते. त्यांच्या ध्यानात आलं, की घरटी ओस पडत आहेत. मग देशभर मोजणी झाली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली. लांब चोचीची शंभरात तीनच्या आसपास उरली. एवढ्या झपाट्यानं पाखरं संपल्याची उदाहरणं जगात फार थोडी आहेत.

कारण सापडलं २००४ साली. लिंडसे ओक्स नावाच्या अमेरिकन पशुवैद्यानं आपल्या सोबत्यांसह पाकिस्तानात मेलेली गिधाडं तपासली. पोटात पांढऱ्या खडूसारखा थर होता. मूत्रपिंडं, म्हणजे रक्तातली घाण गाळून लघवी बनवणारे अवयव, निकामी झाले होते. आणि अंगात एक औषध सापडलं. त्याचं नाव डायक्लोफेनॅक.

हे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकलं असेल. हे दुखणं आणि सूज कमी करणारं औषध आहे. माणसांच्या गुडघेदुखीला डॉक्टर ते देतात. तेच औषध गुरांना टोचलं जाऊ लागलं. बैल लंगडला, दे सुई. गाईची कास सुजली, दे सुई. औषध स्वस्त, आणि गुण लवकर. आवणीच्या दिवसांत बैल बसला तर भात लावायचा कसा? शेतकऱ्यानं सुई दिली यात त्याचा दोष नव्हता. हे औषध गिधाडाला विष आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

सुई दिल्यावर कधी बैल बरा होतो. पण कधी दुखणं मोठं असतं आणि दोन दिवसांत तो मरतो. औषध मात्र त्याच्या मांसात राहतं. मग तो माळावर टाकला जातो. एका बैलावर चाळीस-पन्नास गिधाडं उतरतात, आणि दोन-तीन दिवसांत ती मान टाकतात.

इथं एक हिशेब नीट ध्यानात घ्या. शास्त्रज्ञांनी गणित केलं, की शंभर मेलेल्या जनावरांपैकी एकात जरी हे औषध असलं, तरी गिधाडांचा नाश व्हायला तेवढं पुरतं. शंभरात एक! म्हणजे गावात नव्याण्णव जणांनी काळजी घेतली आणि एकानं चुकीची सुई दिली, तरी थवा जातो.

आणि गेलेला थवा लवकर भरून येत नाही. कोंबडी वर्षात किती तरी अंडी देते. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. नर आणि मादी पाळीपाळीनं ते उबवतात. त्याला पन्नासहून जास्त दिवस लागतात. त्या पिल्लाला स्वतःचं घरटं करायला चार-पाच वर्षं लागतात. म्हणून एकेक पाखरू मोलाचं आहे.

सरकारनं आणि संस्थांनी काय केलं?

२००६ साली भारत सरकारनं गुरांसाठी डायक्लोफेनॅक बनवायला बंदी केली. नेपाळ आणि पाकिस्ताननंही त्याच वर्षी बंदी केली. पण माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या बाजारात होत्याच. काही लोक त्याच बाटल्या गुरांना वापरत. म्हणून २०१५ साली नियम झाला, की माणसांच्या सुईच्या एका बाटलीत ३ मिलिलिटरपेक्षा जास्त डायक्लोफेनॅक नको. बैलाला पुरेल अशी मोठी बाटली मिळूच नये, हा त्यातला हेतू. पुढं कळलं, की याच जातीची आणखी काही औषधं गिधाडांना मारतात. म्हणून २०२३ साली केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांवर, आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडवर, गुरांसाठी बंदी आली.

सरकारबरोबर स्वयंसेवी संस्थाही कामाला लागल्या. स्वयंसेवी संस्था म्हणजे काय? जिथं नफा वाटून घ्यायचा नसतो, लोकांच्या देणगीतून आणि लोकांच्या हातांनी काम उभं करायचं असतं, ती स्वयंसेवी संस्था. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं हरियाणा सरकारच्या मदतीनं पिंजोर इथं २००१ साली गिधाडांचं शुश्रूषा केंद्र काढलं. पुढं तिथं गिधाडांची पैदास सुरू झाली. तिथं एक युक्ती करतात. मादीनं घातलेलं पहिलं अंडं उचलून उबवणी यंत्रात ठेवतात. मग पुष्कळदा मादी दुसरं अंडं घालते. एका वर्षात एकाच्या जागी दोन पिल्लं मिळतात.

अशी वाढवलेली वीस गिधाडं २०२४ च्या जानेवारीत पिंजोरहून महाराष्ट्रात आणली. विदर्भात पेंच आणि ताडोबा इथल्या जंगलांत त्यांना आधी मोठ्या पिंजऱ्यात ठेवलं. तिथली हवा, तिथलं रान त्यांच्या अंगवळणी पडावं म्हणून हे करायचं असतं. पुढं त्यांना मोकळं सोडलं. सोडलेलं प्रत्येक पाखरू जगतंच असं नाही. विजेच्या तारा आहेत, उपासमार आहे, आणि विषारी मांस आहे. म्हणून पिंजऱ्यात पाखरं वाढवून भागत नाही. बाहेरचं रानही त्यांना राहण्याजोगं पाहिजे, आणि ते गावकऱ्यांच्या हातात आहे.

गावकऱ्यांनी मनावर घेतलं तर काय होतं, ते रायगड जिल्ह्यात बघा. म्हसळा तालुक्यात चिरगाव नावाचं गाव आहे. तिथल्या झाडांवर पांढऱ्या पाठीची गिधाडं घरटी करत. महाडच्या सिस्केप या संस्थेचे प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांचे सोबती तिथं गेले. त्यांनी लोकांना समजावलं. लोकांनी घरट्यांची झाडं राखली. गिधाडांना खायला मिळावं म्हणून मेलेली जनावरं ठरलेल्या जागी आणून ठेवली. गाव आणि संस्था यांनी मिळून हे काम केलं.

आणि लांब कशाला जायचं? आपल्याच भागात, हरसूलकडं खोरीपाडा आहे. तिथं २०११ च्या सुमारास वन विभाग आणि आदिवासी गावकरी यांनी मिळून गिधाडांसाठी खाण्याची जागा केली. आपोआप मेलेलं जनावर तिथं आणून ठेवायचं आणि आपण बाजूला व्हायचं. लोकांनी तिला 'गिधाडांचं हॉटेल' असं नाव दिलं. हसू येतं खरं, पण काम हसण्यासारखं नव्हतं. अंजनेरीच्या डोंगरालाही सरकारनं २०१७ साली संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केलं. तिथली रानफुलं आणि गिधाडं राखायची, हा त्यामागचा विचार.

आपण काय करायचं?

आता तुम्ही म्हणाल, "हे सारं ठीक. पण आम्ही गरीब शेतकरी. आम्ही काय करणार?" सांगतो. त्याला पैसा फार लागत नाही, ध्यान लागतं.

पहिली गोष्ट सुईची. जनावर आजारी पडलं की सरकारी पशुवैद्याला बोलवा. १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. सुई टोचण्याआधी विचारा, "डॉक्टरसाहेब, हे औषध कोणतं?" विचारायला लाजू नका. जनावर तुमचं आहे. मेलॉक्सिकॅम नावाचं औषध दुखण्यावर आणि सुजेवर चालतं, आणि गिधाडाला त्याचा अपाय होत नाही. ते गुरांसाठी बाजारात मिळतं. हे नाव पाटीवर चार वेळा लिहून काढा. मे-लॉ-क्सि-कॅम. तुम्हाला आता वाचता येतं. बाटलीवरचं नाव वाचा. डायक्लोफेनॅक दिसलं तर "गुरांना हे नको" म्हणून सांगा. माणसांच्या दुकानातली सुई आणून गुराला कधीही टोचू नका.

दुसरी गोष्ट मेलेल्या जनावराची. जनावर म्हातारपणानं मेलं, कड्यावरून पडून मेलं, आणि त्याला औषध दिलेलं नाही, तर ते वस्तीपासून आणि पाण्यापासून दूर मोकळ्या माळावर ठेवायला हरकत नाही. पण मरणाआधी आठ-दहा दिवसांत सुई दिली असेल आणि कोणती ते ठाऊक नसेल, तर खोल खड्डा करून ते पुरा. साथीच्या रोगानं मेलं असा संशय असला तरी उघड्यावर टाकू नका. आधी पशुवैद्याला सांगा.

तिसरी गोष्ट विषाची. बिबट्यानं शेळी मारली की माणसाला राग येतो. येणारच. घरातली शेळी म्हणजे गरिबाची पेटी. रागाच्या भरात कोणी त्या शेळीवर विष टाकतो. बिबट्या परत येतो न येतो, पण गिधाडं, घारी, गावची कुत्री मरतात. आणि जो विष टाकतो, तो गुन्ह्यात अडकतो. त्यापेक्षा ताबडतोब वनरक्षकाला कळवा. पंचनामा करून घ्या. मारलेल्या जनावराची नुकसानभरपाई मिळण्याची सरकारी सोय आहे. विषानं ती हातची जाते.

चौथी गोष्ट कड्यांची. थंडीत गिधाडं अंडी घालतात. उन्हाळ्यापर्यंत पिल्लं कपारीत असतात. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या येतात, तेव्हा वर कड्यावर कुठलं तरी पाखरू अंड्यावर किंवा पिल्लापाशी बसलेलं असतं. त्या दिवसांत कड्याजवळ फटाके नकोत. डोंगराच्या गवताला आग लावू नका. वणव्याचा धूर आणि झळ कपारीपर्यंत जाते. घाबरून आईबाप उडाले, की पिल्लू उघडं पडतं.

पाचवी गोष्ट जखमी पाखराची. गिधाड जमिनीवर बसलेलं दिसलं, की ते आजारीच आहे असं समजू नका. पोटभर खाल्लं की ते जड होतं आणि काही वेळ बसून राहतं. त्याला दगड मारू नका, हुसकू नका. पण पंख लोंबत असेल, मांजात अडकलं असेल, मान खाली टाकून तासन्‌तास बसून असेल, तर त्याला मदत पाहिजे. अशा वेळी काय करायचं?

कुत्री आणि पोरं लांब ठेवा. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. जागा नीट सांगा, म्हणजे कोणतं गाव, कोणता पाडा, कोणता ओढा. ते लोक येईपर्यंत पाखरू तिथंच राहू द्या. कुत्र्यांनी घेरलं आणि हलवावंच लागलं, तर त्याच्या अंगावर जुनी गोधडी किंवा पोतं टाका. डोळ्यांपुढं अंधार झाला की पाखरू शांत होतं. चोचीपासून सांभाळा. ती मांस फाडणारी चोच आहे. घाबरलं की ते ओकतं, त्याला भिऊ नका. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जाऊन पाखरू मरतं. भाकरी, भात, मांस काहीही भरवू नका. आणि दया आली म्हणून घरी पाळू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गिधाडाला संरक्षण दिलं आहे. ते जवळ बाळगणं गुन्हा ठरतो. त्याची जागा पिंजऱ्यात नाही, आभाळात आहे.

शेवटचा एक शब्द

गिधाड अभद्र आहे, असं म्हणणारे आपल्यात आहेत. त्यांना मी एकच आठवण देतो. आपला हा नाशिक जिल्हा रामायणाचा. पंचवटी इथली. इगतपुरी तालुक्यात टाकेद आहे, त्याला सर्वतीर्थ म्हणतात. लोक सांगतात, की रावणाला अडवताना जखमी झालेला जटायू तिथं पडला. रामानं त्याला मांडीवर घेतलं. साऱ्या तीर्थांचं पाणी तिथं आणून त्याला पाजलं, आणि बापाची करावी तशी त्याची क्रिया केली. तो जटायू कोण होता? आपण ज्याला अभद्र म्हणतो त्याच कुळातला.

रामाला जटायूसाठी साऱ्या तीर्थांचं पाणी आणावं लागलं. आपल्याला एवढं अवघड काम नाही. आपल्याला बाटलीवरचं नाव वाचायचं आहे. कालपर्यंत ते वाचता येत नव्हतं, म्हणून देणारा देईल ती सुई आपण घेत होतो. आता अक्षर आपलं झालं आहे. त्याचा उपयोग पत्र वाचायला करा, सात-बारा वाचायला करा, आणि औषधाची बाटली वाचायलाही करा.

आज घरी गेलात की गोठ्यातल्या फळीवर बघा. जुन्या सुयांच्या, औषधांच्या बाटल्या पडल्या असतील. एकेक हातात घ्या आणि नाव वाचा. वाचता आलं नाही, तर उद्या वर्गात घेऊन या. आपण मिळून वाचू.